बसल्याचा ऑक्सिजन वेगळा, चालण्याचा वेगळा: फायब्रोसिसच्या पेशंटने व्यायाम कसा करायचा

फुफ्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुस व्रणासारखं घट्ट होत जाण्याचा आजार, असलेल्या पेशंटच्या घरी एक गोष्ट हमखास दिसते. काकाजी सोफ्यावर बसलेत, बोटाला ऑक्सिमीटर, आकडा ९५, घरचे सगळे निवांत. मग काकाजी उठून बाथरूमपर्यंत जाऊन येतात, धाप लागलेली, ओठ काळसर, पण तोवर ऑक्सिमीटर परत डब्यात गेलेला असतो. त्याच वेळी लावून पाहिला असता तर ८१-८२ दिसला असता. आणि आपण म्हटलं की चालताना ऑक्सिजन लागेल, तर उत्तर ठरलेलं, "अरे बावा, ९५ आहे ना, मग कशाला एवढं करून राहिले तुम्ही?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथे नागपुरातच, छातीच्या पेशंटचे व्यायाम घेतो. दमा, सीओपीडी (बहुतेक धुराने-बिडीने होणारा श्वासनळ्यांचा जुनाट आजार), फायब्रोसिस सगळे येतात, पण ऑक्सिजनच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ फायब्रोसिसवाल्यांच्या घरी असतो, कारण यांचा ऑक्सिजन बसल्याजागी बरा असतो आणि चार पावलं टाकली की धाडकन पडतो. म्हणून हे लिहितोय. एक गोष्ट पक्की धरा, बसल्यावर जो फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन) पुरतो तो चालताना पुरत नाही, आणि चालतानाचा फ्लो चालवून मोजल्याशिवाय कळत नाही. बाकी सगळं याच्याच मागून येतं.

असं का होतं ते थोडक्यात. रक्तातली लाल पेशी फुफ्फुसातल्या बारीक रक्तनळीतून जाते तेव्हा निवांत बसलेलो असताना तिला तिथे साधारण पाऊण सेकंद मिळतो, आणि निरोगी फुफ्फुसात पाव सेकंदातच ती ऑक्सिजनने भरते. म्हणजे वेळ भरपूर शिल्लक. फायब्रोसिसमध्ये हवा आणि रक्त यांच्या मधला पडदा जाड झालेला असतो, त्यामुळे भरायला वेळ लागतो, पण बसलेलो असताना कसंबसं निभतं. चालायला लागलो की हृदय जोरात रक्त ढकलतं, पेशीला मिळणारा वेळ कमी होतो. नागपूर स्टेशनवर गाडी दहा मिनिटं थांबली तर एका दारातूनही सगळे चढतात, तीच दोन मिनिटं थांबली तर अर्धे प्लॅटफॉर्मवरच राहतात, तसंच हे. शिवाय बऱ्याच नळ्या आजाराने आधीच बंद झालेल्या असतात, त्यामुळे उरलेल्यांवर गर्दी. म्हणून श्वास कितीही जोरात घेतला तरी आकडा पडतोच, आणि "दीर्घ श्वास घ्या, होईल ठीक" हा सल्ला इथे अर्धवटच कामाचा आहे.

आता काही जण म्हणतील की चालल्यावर त्रास होतो तर चालूच नये. हे सगळ्यात महागात पडतं. बसून बसून मांड्यांचे स्नायू जातात, मग तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो, मग धाप वाढते, मग माणूस अजून बसतो. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात (बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) दिसलं की नीट ठरवून व्यायाम केलेल्या फायब्रोसिसच्या आणि त्या गटातल्या इतर आजारांच्या पेशंटचं सहा मिनिटांत चालायचं अंतर सरासरी ४० मीटरने वाढतं, धाप कमी होते. फुफ्फुस तेच राहतं हो, फायब्रोसिस जात नाही, सुधारतात ते पाय आणि दम.

पहिले टेस्ट, मग खरेदी

लोक उलटं करतात, आधी मशीन विकत घेतात आणि मग डॉक्टरला विचारतात की किती वर ठेवू. तसं नका करू. छातीच्या डॉक्टरकडे जाऊन सिक्स मिनिट वॉक टेस्ट करून घ्या. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांत छातीरोग विभाग आहे, प्रायव्हेट चेस्ट फिजिशियनकडेही होते. टेस्ट साधी असते, सपाट कॉरिडॉरमध्ये, शक्यतो ३० मीटरच्या, सहा मिनिटं जमेल तेवढं चालायचं, मध्ये थांबलात तरी चालतं, आणि पूर्ण वेळ बोटाला ऑक्सिमीटर. पहिल्यांदा जसे आहात तसे. त्यात आकडा ८८ किंवा त्याच्या खाली गेला तर नीट विश्रांती घेऊन परत चालवतात, या वेळी ऑक्सिजन लावून, आणि लिटर-लिटरने फ्लो वाढवत बघतात की कितीवर आकडा ८८-९० च्या वर टिकतो. तो तुमचा चालण्याचा फ्लो.

बऱ्याच प्रिस्क्रिप्शनवर नुसतं "ऑक्सिजन २ लिटर" लिहिलेलं असतं. तेवढ्यावर घरी येऊ नका. बसल्यावर किती, चालताना आणि व्यायामाला किती, झोपेत किती, आणि कोणत्या मशीनने, हे चारही लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, ओपीडीत गर्दी असते, हे मलाही माहीत आहे, पण या चार गोष्टी विचारायला एक मिनिट लागतो आणि पुढचे सहा महिने त्यावरच चालायचे असतात. आणि आकडा स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही. फायब्रोसिसमध्ये कार्बन डायऑक्साइड साचायची भीती आजार फार पुढे जाईपर्यंत सहसा नसते, पण सोबत एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याचा आजार) असेल, जो बिडी-सिगरेटवाल्या जुन्या पेशंटमध्ये बऱ्याचदा असतो, तर हिशोब बदलतो.

सगळ्यांना ऑक्सिजन लागतोच असंही नाही. २०१६ ला सीओपीडीवर एक मोठा अभ्यास झाला होता, लॉट नावाचा, ७३८ पेशंट होते, ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी होता किंवा फक्त चालताना पडत होता, त्यांना घरी ऑक्सिजन देऊन काही खास फायदा दिसला नाही. त्यावरून काही डॉक्टर फायब्रोसिसवाल्यांनाही "गरज नाही" म्हणून टाकतात. पण तो सीओपीडीचा अभ्यास होता. फायब्रोसिस आणि त्या गटातल्या आजारांवरचा अँबॉक्स नावाचा अभ्यास इंग्लंडमधून २०१८ ला आला, ८४ पेशंट, सगळे बसल्यावर ठीक आणि चालताना ८८ किंवा खाली जाणारे, दोन आठवडे चालता-फिरता ऑक्सिजन आणि दोन आठवडे बिगर ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनवाल्या आठवड्यांत त्यांच्या रोजच्या जगण्याचा दर्जा आणि धाप दोन्हीत फरक पडला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीची २०२० ची गाईडलाईनही अशा पेशंटसाठी चालतानाचा ऑक्सिजन सुचवते, पण सौम्य शब्दांत, म्हणजे पेशंटशी बोलून ठरवा असं. माझं मत विचाराल तर व्यायामाच्या वेळी तरी लावा, कारण आकडा धरून राहिला की माणूस जास्त वेळ चालू शकतो, आणि जास्त वेळ चालला तरच पाय तयार होतात. रस्त्याने नाकात नळी लावून फिरायची लाज वाटत असेल तर घरच्या हॉलमध्ये चाला, पण चाला.

आणि हो, ऑक्सिजनची सवय लागत नाही. हे मला दर आठवड्याला कोणालातरी सांगावं लागतं. आज जास्त लागतोय तो आजार वाढल्यामुळे लागतोय, ऑक्सिजन घेतल्यामुळे नाही.

मशीनचा गोंधळ

इथे जरा वेळ काढून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

घरातलं प्लगवालं कॉन्सन्ट्रेटर ५ लिटरचं किंवा १० लिटरचं मिळतं. ते हवेतला नायट्रोजन काढून साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन सतत सोडत राहतं. फायब्रोसिसच्या पेशंटला मी शक्यतो १० लिटरवालं सुचवतो, कारण आज चालताना ३ लिटर लागत असेल तर वर्षभराने ६ लागू शकतो, आणि तेव्हा ५ वाली मशीन नुसती बसल्यापुरती उरते. आधीच ५ ची घेतली असेल आणि पुरत नसेल तर वाय कनेक्टरने दोन मशीन जोडता येतात, पण ते कंपनीच्या माणसाकडून, डॉक्टरला विचारून. नळी लांब घेता येते, १५ मीटरपर्यंत साधारण चालते, त्याच्या पुढे फ्लो कमी पडू लागतो. नळी कुठे पिळली गेली नाही ना, खुर्चीच्या पायाखाली आली नाही ना, हे रोज बघायचं. शंका आली तर नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा, बुडबुडे आले म्हणजे हवा येतेय.

आता पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, खांद्याला लटकवायचं, बॅटरीवर चालणारं, दिसायला एकदम भारी. यातली बरीचशी मशीन पल्सवर चालतात, म्हणजे तुम्ही श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा झोत सोडतात, बाकी वेळ बंद. त्यावर १, २, ३, ४, ५ असे सेटिंग असतात आणि विकणारा म्हणतो, "पाच लिटरचं आहे काका". नाही. तो पाच म्हणजे पाच लिटर नाही, तो फक्त सेटिंगचा नंबर आहे. अशी छोटी मशीन फुल्ल सेटिंगवरही मिनिटाला साधारण लिटरभरच ऑक्सिजन बनवतात. झोत श्वासाच्या सुरुवातीलाच येतो म्हणून वाया कमी जातो, त्यामुळे बसलेल्या माणसाला पुरतंही. पण व्यायामात श्वास मिनिटाला ३०-३५ वर गेला की काही मॉडेलमध्ये प्रत्येक झोत छोटा होत जातो, काहींमध्ये झोत चुकतो, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्याचा तर मशीनला कधी कधी पत्ताच लागत नाही. म्हणजे नेमकी जेव्हा गरज असते तेव्हाच कमी. म्हणून हे घ्यायच्या आधी डेमोला मागवा, तेच मशीन लावून सहा मिनिटं चाला, आकडा बघा, टिकला तर घ्या. विकणारा डेमोत चालवून दाखवायला नाही म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

बाहेर फिरायला आणि जास्त फ्लो लागणाऱ्यांना अजूनही सिलेंडरच भरवशाचा वाटतो मला. काळं अंग आणि पांढरा खांदा तो मेडिकल ऑक्सिजनचा. घरात जो बी टाईप येतो त्याची पाण्याची क्षमता १० लिटरची, भरलेला असताना गेज १५० च्या आसपास. हिशोब सोपा, क्षमता गुणिले गेजचा आकडा म्हणजे आत किती लिटर गॅस. १० गुणिले १५०, म्हणजे १५००. मिनिटाला ४ लिटर सोडला तर ३७५ मिनिटं, सहा तासांच्या थोडं वर. गेज ५० वर आला की ५०० लिटर उरले, म्हणजे दोन तास. फिरायला नेण्यासाठी छोटा अॅल्युमिनियमचा, २ लिटर क्षमतेचा घेतला तर ३०० लिटर, ४ च्या फ्लोवर सव्वा तास, आणि त्यातला पाव भाग परत यायला राखून ठेवायचा. हा हिशोब सिलेंडरवर मार्करने लिहून ठेवा, नातवालाही कळला पाहिजे. सिलेंडर खांद्यावर घेऊन फिरू नका, तेवढ्या वजनाने सगळा फायदा जातो, ट्रॉलीवर ठेवा किंवा सोबतच्याला ओढू द्या.

मेडिकल स्टोअरमध्ये स्प्रेच्या डब्यासारखे ऑक्सिजन कॅन मिळतात ना, त्यात पाच-दहा लिटर गॅस असतो. वरचा हिशोब लावा, दोन मिनिटांचा खेळ. सोडून द्या.

नाकातली नळी, म्हणजे कॅन्युला, साधारण ६ लिटरपर्यंत ठीक. पण हे समजून घ्या की २ लिटर बसल्यावर साधारण २८ टक्के ऑक्सिजन देतो असं जे म्हणतात ते बसल्यावरचं आहे. चालताना आपण मिनिटाला तीस-चाळीस लिटर हवा आत ओढतो, तेच २ लिटर त्यात मिसळून पातळ होतात. म्हणून व्यायामाला फ्लो वाढवावा लागतो, किंवा रिझर्व्हॉयर कॅन्युला लावतात, जिच्यात छोटी पिशवीसारखी जागा असते आणि श्वास सोडताना वाया जाणारा ऑक्सिजन पुढच्या श्वासाला मिळतो. साधा फेस मास्क ५ लिटरच्या खाली लावायचा नाही, आतला श्वास आतच फिरत राहतो. ज्यांना याहून जास्त लागतो त्यांनी घरी प्रयोग न करता सेंटरमध्ये येऊन व्यायाम करावा, तिथे जास्त ऑक्सिजन देणाऱ्या व्हेंचुरी किंवा रिझर्व्हॉयर मास्कवर करून घेता येतो.

फ्लोमीटरमध्ये जी गोळी वर-खाली होते तिचा मधला भाग रेघेवर पाहिजे, वरचं टोक नाही, आणि डोळे गोळीच्या समोर आणून वाचा. पाण्याची बाटली ४ लिटरच्या वर फ्लो असेल तर लावा, पाणी उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड, रोज बदलायचं. पल्सच्या मशीनला बाटली लावायची नाही.

ऑक्सिमीटर खोटं कधी बोलतो

बोट थंड असेल तर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला नागपुरात बोटं गार पडलेली असतात, आकडा ८४ दाखवतो आणि घरात रडारड. आधी हात चोळून गरम करा. नेलपॉलिश काढा, ताजी गडद मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट शोधा. स्क्लेरोडर्माच्या (कातडी घट्ट होण्याचा आजार) पेशंटची बोटं थंडीत पांढरी-निळी पडतात, त्यांनी कानाच्या पाळीचा किंवा कपाळाचा प्रोब वापरावा. हात हलवत चाललात तरी आकडा उड्या मारतो, म्हणून ज्या हाताला लावलाय तो छातीशी धरा. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० नंतर नीट समोर आलंय, म्हणून चालताना टिकवायचा आकडा म्हणून आपल्याकडे ८८ वर समाधान मानण्यापेक्षा मी ९० धरून चालतो. नाडीचा आकडा खऱ्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा उशिरा पडतो. तुम्ही थांबलात त्या क्षणी ८९ असेल तर पुढच्या अर्ध्या मिनिटात तो ८५ होऊ शकतो. म्हणून थांबल्यावर निदान एक मिनिट बोटातून काढू नका, आणि वहीत लिहायचा तो सगळ्यात खालचा आकडा, सुरुवातीचा नाही.

प्रत्यक्ष व्यायाम

खाऊन लगेच नाही, तास-दीड तास जाऊ द्या. या आजारात ॲसिडिटीचा त्रास बऱ्याच जणांना असतो, तर्री पोहे हाणून चालायला निघालात की खोकला सुरू. सोबत कोणीतरी पाहिजेच, पहिले काही आठवडे तर सेंटरमध्ये देखरेखीखालीच करा, आठवड्यातून दोन-तीनदा, निदान आठ आठवडे. नंतर घरी.

बसून आकडा आणि नाडी बघा. रोजच्यापेक्षा आकडा ३-४ ने कमी असेल, ताप असेल, खोकला अचानक वाढला असेल तर आज व्यायाम नाही, डॉक्टरला फोन. निनटेडानिब या फायब्रोसिसच्या गोळीने जुलाब लागलेत त्या दिवशीही नाही, आधी पाणी भरून काढा. सगळं ठीक असेल तर बसल्याचा फ्लो बदलून चालण्याच्या फ्लोवर न्या आणि दोन-तीन मिनिटं तसंच बसा. बहुतेक लोक आधी चालतात, आकडा पडला की फ्लो वाढवतात, आणि मग पडलेला आकडा वर यायला पाच-पाच मिनिटं लागतात. आधीच वाढवा.

मग पाच मिनिटं हळू, जागच्या जागी किंवा हॉलमध्ये. नंतर चालणं, पण एका दमात नाही, एक-दोन मिनिटं चाला, एक मिनिट उभे राहा किंवा बसा, परत चाला. सुरुवातीला मिळून दहा मिनिटं झाली तरी बस, हळूहळू वीस-तीसपर्यंत न्या. पहिले मिनिटं वाढवा, वेग नंतर. धाप ० ते १० मध्ये मोजायची, ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे जीव चाललाय, आपल्याला ३-४ च्या आसपास राहायचंय. बोलता येतंय पण गप्पा मारवत नाहीत अशी. आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबा, श्वास येऊ द्या, ९० च्या वर आला की परत. थांबूनही वर येत नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी तिथेच बंद, आणि बसूनही त्रास उतरत नसेल तर सरळ हॉस्पिटल. चक्कर आणि बेशुद्धी हे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढल्याचं लक्षण असू शकतं, ते अंगावर काढायचं नाही.

चालण्यात आकडा फारच पडत असेल तर सायकल वापरा, एका जागची, कारण तेवढ्याच मेहनतीत सायकलवर आकडा तितका खाली जात नाही. एक दिवस आड ताकदीचे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकवता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन हात वर. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. श्वास रोखला की आकडा लगेच पडतो, म्हणूनच कुंभकाला, आणि जोरजोरात श्वास घ्यायच्या-सोडायच्या कपालभाती, भस्त्रिकेलाही माझा या पेशंटसाठी नकार आहे, बागेतल्या ग्रुपमध्ये कोणी कितीही आग्रह केला तरी. तीन गोळ्यांचं ते श्वास आत ओढायचं खेळणं, स्पायरोमीटर, तेही चालण्याची जागा घेत नाही. तासभर गोळ्या वर नेतात आणि म्हणतात आमचा व्यायाम झाला.

संपल्यावर फ्लो लगेच कमी करू नका. आकडा आणि नाडी सुरुवातीच्या जागी येईपर्यंत चालण्याचाच फ्लो ठेवा, मग खाली आणा. वीज वाचवायला किंवा सिलेंडर वाचवायला थांबल्याबरोबर नॉब फिरवणारे खूप बघितलेत.

हाच नियम आंघोळीला लावा, कारण दिवसातली सगळ्यात जास्त मेहनत तिथेच होते. हात डोक्यावर, वाकणं, गरम वाफ, आणि लोक नेमकी तेव्हाच नळी काढून ठेवतात. नळी दाराच्या फटीतून आत न्या, चालण्याचा फ्लो ठेवा, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करा, टॉवेलने घासून पुसण्याऐवजी मोठा पंचा गुंडाळा. मशीन बाहेरच, कोरडी. गॅस गिझर आत असेल तर ऑक्सिजन लावून तिथे जायचंच नाही, ज्योत असते, आणि बंद बाथरूममध्ये त्याचा विषारी वायू निरोगी माणसालाही झेपत नाही. पाणी बाहेर तापवून न्या.

नागपूरचा उन्हाळा, कूलर, लाईट

एप्रिल-मे मध्ये बाहेरचं चालणं साडेसहाच्या आत संपवा, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर घरातच. पिरफेनिडोन ही फायब्रोसिसची गोळी घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने सहज भाजते, त्यांनी कोवळ्या उन्हातही पूर्ण बाह्या आणि टोपी. फुटाळा तलावाचा सपाट रस्ता बरा, सेमिनरी हिल्सचा चढ नको, चढावर आकडा किती झटक्यात पडतो ते बघायचं असेल तर सोबत फिजिओ घेऊन बघा.

कूलरबद्दल बोलल्याशिवाय नागपूरकराला सोडता येत नाही. भारतातल्या या आजारांच्या नोंदणीत, २०१७ ला छापून आली, १०८४ पेशंट होते, त्यातला सगळ्यात मोठा गट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा निघाला, म्हणजे काहीतरी श्वासातून जाऊन फुफ्फुस बिघडलेलं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलरचा संबंध होता. ओल्या जाळीत बुरशी वाढते आणि तीच हवा तोंडावर येते. कबुतरंही तशीच, त्यांची विष्ठा आणि पिसं श्वासातून जातात. तुमचा आजार या प्रकारातला असेल तर कूलरसमोर खुर्ची टाकून सायकल मारणं म्हणजे एका हाताने औषध, एका हाताने विष. एसी परवडत नसेल तर व्यायामापुरता पंखा आणि पहाटेची वेळ.

घरातलं ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट खातं. दीडशे एएचच्या एका बॅटरीवरचा इन्व्हर्टर, बाकी काही न लावता, तीन-चार तास ओढेल, बॅटरी जुनी असेल तर तेवढंही नाही. म्हणून एक भरलेला सिलेंडर घरात कायम, रेग्युलेटर लावून आणि चालवून बघितलेला. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर. मशीनच्या मागची जाळी आठवड्याला धुवा, आपल्याकडची धूळ तिला महिनाभरात चोंदवते आणि मग आत ऑक्सिजनची टक्केवारी घसरते, बाहेरून गोळी मात्र ५ वरच दिसते.

आग. देवघरातला दिवा, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून ३ मीटर लांब. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटलंय त्याला भडकवतो, आणि कपड्यांत, केसांत तो बराच वेळ राहतो, म्हणून नळी काढून लगेच चहा टाकायला जाऊ नका. नाक कोरडं पडलं की व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावायचं नाही, पाण्याचं जेल लावा. रेग्युलेटरला तेलाचा हात नको. घरात बिडी ओढणारा असेल तर तो बाहेर, पाहुणा असला तरी.

वहीत रोज चार गोष्टी लिहा, फ्लो किती, किती मिनिटं, सगळ्यात खालचा आकडा, धाप किती. दोन आठवडे त्याच फ्लोवर, त्याच अंतराला आकडा खाली खाली जायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला वही दाखवा. तसंही दर तीन ते सहा महिन्यांनी वॉक टेस्ट परत करायची, कारण हा आजार सरकतो आणि जुना फ्लो जुनाच राहतो, आणि जाताना स्वतःचं मशीन किंवा सिलेंडर सोबत न्या, हॉस्पिटलच्या भिंतीतल्या ऑक्सिजनवर आलेला आकडा तुमच्या खांद्यावरच्या मशीनला लागू होईलच असं नाही.